आवारातील दहा कडुनिंब

बीड जिल्ह्यातील तेलगावी शाळेचे आवार सुधारण्याचा बेत आखताना विद्यार्थ्यांनी हिरवळीचा व फुलांच्या ताटव्यांचा मोह सोडावा, असे माझे मत आहे. हा मुलूख अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ वडीलधारी माणसे अद्याप विसरलेली नाहीत. येथे आधी पाणी मोजावे, मग रोपे. शंभर रोपे लावून वैशाखात एकही न उरण्यापेक्षा दहाच कडुनिंब जगवलेले बरे. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण हवेच. शेळ्यांना पाटी वाचता येत नाही! दुपारच्या जेवणानंतर ताटे धुतलेले पाणी चर खणून आळ्यांत न्यावे.

पण खरा प्रश्न निराळाच आहे. गावी साखर कारखाना असला, तरी या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परमुलखात जातात. कित्येक मुलांनाही बरोबर जावे लागते. पुढे मे महिन्यात तर शाळेलाच सुटी! तेव्हा पाणी कोणी घालावयाचे? म्हणून बेताच्या कागदावर प्रत्येक झाडापुढे दोन नावे असावीत : एक लावणाऱ्याचे, दुसरे मागे राहणाऱ्याचे. फडावरून परतलेला मुलगा आपले झाड पाहावयास येईल, तेव्हा घागर त्याच्या हाती द्यावी.