वही बदलते, शिल्लक पुढे जाते

मावळात कामशेतजवळ पाले हे लहानसे गाव आहे. गावाजवळच्या डोंगरातील एका लेण्यात ब्राह्मी लिपीत कोरलेला छोटासा लेख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्याचा आरंभ ‘नमो अरहंतानं’ या शब्दांनी होतो. इंद्ररक्षित यांनी हे लेणे व त्यासोबत पाण्याचे टाके करविले, एवढीच त्यातील नोंद आहे. हा लेख इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला मानतात. मावळचा पाऊस दोन हजार वर्षे झेलूनही तो वाचता येतो.

त्याच मावळात, लोणावळ्याच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या पेढीच्या वरच्या मजल्यावर, कपाटाच्या खालच्या खणात कॅसेटींची एक पेटी असते. एकीवर थोरल्या मुलाच्या लग्नाचे साल लिहिलेले असते, दुसरीवर आजींच्या अठ्ठाईच्या पारण्याचे. एखाद्या घरी लेकीने दीक्षा घेतलेली असते आणि तिच्या वर्षीदानाच्या वरघोड्याचे चित्रण त्या पेटीत असते. ती आता घरी परतणार नाही, आजी तर राहिल्याच नाहीत. त्यांचा चालता-बोलता सहवास उरला आहे तो त्या काळ्या फितीवर. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या लोणावळ्यात तिशीतली फीत पांढऱ्या बुरशीने माखलेली आढळली, तर त्यात नवल नाही.

हे काम पुढच्या सुटीवर ढकलत राहण्यास आता फारशी सवड नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी अखेरची मानली जाणारी जपानची फुनाई कंपनी जुलै 2016 मध्ये त्या उत्पादनातून बाहेर पडली. चालू स्थितीतील यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर, दोन्ही वर्षागणिक दुर्मीळ होत आहेत. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर ती यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट बिघडते. अशा कॅसेटी वेगळ्या काढून जाणकाराकडून स्वच्छ करून घ्याव्यात. उरलेल्यांचे संगणकीय रूपांतर करावे आणि ते एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवावे.

डिस्क केवढी घ्यावी, हा पहिला प्रश्न. व्यापारी घराला हिशेब परका नाही, म्हणून तो मांडूनच पाहावा. चाळीस कॅसेटी आणि प्रत्येकी सुमारे दोन तास धरले, तर एकूण ऐंशी तासांचे चित्रण होते. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या मूळ दर्जात एका तासाला सुमारे 13 गिगाबाइट जागा लागते. ऐंशी तासांना 1,040 गिगाबाइट, म्हणजे एक टेराबाइटहून किंचित अधिक. आता मोबाइलचे पाहू. फुल एचडी चित्रणाला मिनिटाला 60 ते 130 मेगाबाइट लागतात. आठवड्याला दहा मिनिटांचे चित्रण जपायचे ठरवले आणि वरचा आकडा धरला, तरी वर्षाला 68 गिगाबाइट झाले. दहा वर्षांचे 680. एकूण बेरीज पावणेदोन टेराबाइटच्या घरात जाते. 4-के चित्रण करणाऱ्या घराने मोबाइलचा आकडा दुप्पट-तिप्पट धरावा. अशा घरासाठी चार टेराबाइटची डिस्क योग्य. दोनची घेतली तर काठोकाठ भरेल.

खोक्यावरचा आकडा आणि संगणकावर दिसणारा आकडा जुळत नाही, म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये 931 गिगाबाइट दिसते. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1,024 च्या पटीत. जुन्या पेढ्यांवर कच्चा मण आणि पक्का मण अशी दोन मापे चालत. माल तोच, माप निराळे. हाही तसाच प्रकार आहे.

दुसरा प्रश्न जातीचा. फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क आणि एसएसडी असे दोन मुख्य प्रकार आहेत. एसएसडी वेगवान आहे, तिच्यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे हातातून पडली तरी सहसा वाचते. परंतु तेवढ्याच जागेसाठी ती बरीच महाग पडते आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. रोज संपादन करणाऱ्याने एसएसडी घ्यावी. भरून जपून ठेवण्यासाठी साधी हार्ड डिस्क पुरेशी आहे. त्यातही अडीच इंची डिस्क यूएसबीच्या तारेतूनच वीज घेते आणि खणात सहज मावते. साडेतीन इंचीला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर लागतो. चालू असताना मात्र कोणतीही फिरती डिस्क हलवू नये, की उचलू नये. पेन ड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे. जपणुकीसाठी ते वापरू नये.

आता फॉरमॅटविषयी. कोऱ्या वहीत जमा-नावेची आखणी केल्याखेरीज मुनीमजी लिहायला बसत नाहीत. डिस्कवरची आखणी म्हणजे फाइल सिस्टीम. बहुतेक नव्या डिस्का ही आखणी करूनच येतात. डिस्क जोडून तिच्या चिन्हावर उजवी कळ दाबावी आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये कोणती आखणी आहे ते पाहावे. तेथे चार नावांपैकी एखादे दिसेल.

फॅट-32 ही जुनी आखणी. तिच्यात चार गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही. तासाभराचे चित्रण 13 गिगाबाइटचे असेल, तर ते तिथे ठेवताच येणार नाही. एनटीएफएस ही विंडोजची आखणी. लिहिताना वीज गेली तरी ती बहुधा सावरते, कारण बदलांची टाचणवही ती स्वतः ठेवते. मात्र अ‍ॅपलच्या मॅकवर ती नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. एपीएफएस ही अ‍ॅपलची आखणी, आणि ती विंडोजला वाचता येत नाही. एक्स-फॅट दोन्हीकडे वाचता-लिहिता येते आणि तिच्यात मोठ्या फाइलीही मावतात. पण तिला टाचणवही नसते. ‘सेफली रिमूव्ह’ न करता तार ओढली, तर नुकसान संभवते.

निर्णय सोपा आहे. पेढीवर आणि घरात सगळीकडे विंडोज असेल, तर एनटीएफएस घ्यावी. पुण्यात शिकणाऱ्या मुलीकडे किंवा परदेशातील मुलाकडे मॅक असेल, तर एक्स-फॅट घ्यावी आणि डिस्क सुरक्षित काढण्याची शिस्त घरात सर्वांनी पाळावी. दूरचित्रवाणी संचावर थेट पाहायचे असेल, तर तो संच कोणती आखणी वाचतो हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहावे.

फॉरमॅट करताना सावधगिरीची एक पायरी चुकवू नये. फॉरमॅट म्हणजे आधीचे सारे पुसणे. म्हणून इतर सर्व डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवावेत, डिस्कचे नाव आणि आकारमान दोनदा वाचावे, मगच ‘फॉरमॅट’ निवडावे. ‘अ‍ॅलोकेशन युनिट’ जसे आहे तसे असू द्यावे. ‘व्हॉल्यूम लेबल’मध्ये सुटसुटीत नाव द्यावे. ‘क्विक फॉरमॅट’ची खूण ठेवल्यास काही क्षणांत काम होते, पण त्यात नवी आखणी होते एवढेच. ती खूण काढल्यास विंडोज पानन् पान लिहून तपासते आणि खराब जागा असल्यास ती कळते. चार टेराबाइटला यासाठी आठ-दहा तास किंवा अधिक लागू शकतात. नव्या डिस्कला एकदा ही तपासणी करून घ्यावी; दोष असेल तर वॉरंटीच्या मुदतीत, आणि ती रिकामी असतानाच उघडकीस येतो. विंडोजने नव्या डिस्कसाठी एमबीआर की जीपीटी असे विचारल्यास जीपीटी निवडावे, कारण एमबीआर दोन टेराबाइटच्या पलीकडे पोहोचत नाही.

चुकून भरलेली डिस्क क्विक फॉरमॅट झालीच, तर तिच्यावर नवे काहीही न लिहिता ती ताबडतोब काढून ठेवावी. खतावणीची अनुक्रमणिका फाटली तरी आतली पाने शिल्लक असतात, तशी साध्या हार्ड डिस्कवर जुनी माहिती बहुधा जागेवर असते आणि जाणकार ती परत मिळवू शकतो. पूर्ण फॉरमॅटनंतर ती आशा उरत नाही.

इतके केल्यावर काम संपले असे वाटते, आणि बहुतेक घरे येथेच चुकतात. कॅसेटी फेकून दिल्या जातात, मोबाइल मोकळा केला जातो, आणि सारे काही एका डिस्कवर उरते. एक डिस्क म्हणजे एकच प्रत. ती केव्हा बंद पडेल हे कोणताही कारखानदार सांगत नाही. वॉरंटीत नवी डिस्क मिळते. आजींचा आवाज मिळत नाही.

एकाच प्रतीचा धोका जैन समाजाने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. षट्खंडागमावरील धवला आणि तिच्यासोबतचे सिद्धांतग्रंथ शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर जपले गेले. तेथील श्रद्धेमुळेच ते टिकले; तरी काळाच्या ओघात महाबंधाची काही पाने नष्ट झालीच. त्या पानांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी प्रती करवून घेण्याचा ध्यास घेतला. लेखनिकांनी वर्षानुवर्षे बसून नकला उतरवल्या. 1939 मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला भाग अमरावतीहून छापून निघाला आणि पुढे सोळा भाग पूर्ण झाले. आज तो ग्रंथ नाहीसा होण्याचे भय नाही, कारण तो शेकडो ठिकाणी आहे. शास्त्राची नकल करवून ती दुसऱ्या भांडारात देण्याला पूर्वजांनी दान का मानले, हे यावरून उमगते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला 1998 मध्ये पिक्सार या अमेरिकी कंपनीत हाच धडा मिळाला. ‘टॉय स्टोरी 2’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि राखीव टेपही सदोष निघाल्या. चित्रपट वाचला तो बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ महिलेच्या घरातील संगणकावर प्रत होती म्हणून.

त्यामुळे डिस्क दोन घ्याव्यात, शक्यतो दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या. दोन्हींवर सारखाच मजकूर ठेवावा. एक लोणावळ्यात राहील, दुसरी पुण्यातल्या भावाकडे किंवा मुलीच्या सासरी. निवडक, अनमोल असे थोडे क्लाउडवरही ठेवावे. फाइल ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावी. दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकारमान ताडून पाहावे, पाच-सहा चित्रफिती उघडून पाहाव्यात, मगच मोबाइल मोकळा करावा. मूळ कॅसेटीही लगेच टाकू नयेत.

डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पावसाळ्यात घाटातून गारेगार गाडीतून आणलेली डिस्क लगेच जोडू नये. तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे आत दव धरणार नाही. परवलीचा शब्द घातलाच, तर तो तिजोरीच्या किल्लीइतक्याच विश्वासाने दोघांना ठाऊक असावा.

आणखी एक काम यंत्राला जमत नाही. फाइलीला साल, महिना, दिवस या क्रमाने नाव द्यावे, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. मग घरातील ज्येष्ठांना जवळ बसवून चित्रण दाखवावे आणि पंगतीत वाढणारे कोण, मंगलगीते गाणाऱ्या बायका कोणाच्या कोण, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून घ्यावे. ओळखणारे माणूस गेल्यावर चित्र स्पष्ट दिसते आणि चेहरे अनोळखी होतात.

शेवटी प्रश्न उरतो तो आठवणीचा. डब्यात ठेवलेली डिस्क दहा वर्षे कोणी पाहत नाही. त्यासाठी व्यापारी घरांकडे एक दिवस आधीच नेमलेला आहे. दिवाळीत वहीपूजन होते, जुन्या वहीची शिल्लक नव्या वहीत ओढली जाते. त्याच दिवशी दोन्ही डिस्का जोडाव्यात, दोन-चार चित्रफिती उघडून पाहाव्यात, सरत्या वर्षाचे चित्रण दोन्हींवर घ्यावे आणि वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकावी. दर पाच वर्षांनी एक डिस्क बदलून सारे नव्या डिस्कवर उतरवावे. त्या संध्याकाळी सारे घर तसेही एकत्र असते. वरघोड्याचे ते चित्रण त्याच वेळी एकदा लावावे. ज्या नातवंडांनी आत्याला फक्त साध्वीवेशात पाहिले आहे, त्यांना तिचे घरातले हसणे तेवढेच पाहायला मिळेल.