परसातला पाचोळा राहू द्या

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा आणि वसंत ऋतूचा संबंध मोठा चमत्कारिक आहे. वर्षभर आम्ही वसंत कवितेतून शिकतो. आम्रमोहर, मलयानिल, कोकिळेचा पंचम या साऱ्यांचे संदर्भासह स्पष्टीकरण लिहितो. आणि प्रत्यक्ष वसंत दारात येतो तेव्हा मान खाली घालून परीक्षेची तयारी करीत बसतो. खिडकीबाहेर जे चालले आहे त्यावर प्रश्न येत नाही, मग तिकडे बघायचे कशाला?

याचा परिणाम असा होतो की, ‘कोकिळा गाते’ असे आपण बिनदिक्कत लिहून जातो. वास्तविक गातो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा कोकीळ. मादी तपकिरी असते, तिच्या अंगावर पांढुरके ठिपके असतात, आणि तिचा आवाज म्हणजे नुसती किक्-किक् अशी तीक्ष्ण ओरड. ती बिचारी कावळ्याच्या घरट्यात अंडे कसे घालता येईल या खटपटीत असते. गाण्याचे श्रेय मात्र तिला मिळत आले आहे! कवींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण आपण पाहण्यापेक्षा ऐकीव गोष्टींवर जास्त विसंबतो, हे यावरून दिसते.

वसंत पाहण्यासाठी महाबळेश्वरची सहल काढावी लागत नाही. ज्यांच्या घरामागे दहा पावले माती शिल्लक आहे त्यांच्याकडे तो आपण होऊन येतो. आमच्या घरामागे असे एक परस आहे. त्याला बाग म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. एक शेवगा, एक कढीपत्ता, एक कागदी लिंबू, जास्वंदीची दोन झाडे, पारिजातक, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ व अळू, आणि कुंपणाशी कोणी न लावता आलेली रुई. गेल्या वर्षापासून घरात असा विचार चालू आहे की, शेवगा तोडावा आणि मागे सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवावेत. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी ते बसवले आहेत. पाचोळा नाही, चिखल नाही, शिवाय दोन गाड्या लावता येतात. विषय अजून मिटलेला नाही. त्या निमित्ताने मी जे पाहिले आणि वाचले, त्यावरून माझे जे मत झाले, ते येथे मांडते.

आपला वसंत थंड देशांतल्यासारखा बर्फ वितळवून येत नाही; तो पानगळीतून येतो. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर यांची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांवर लाल-केशरी फुले पेटतात. या फुलांना सुवास का नाही, असा प्रश्न मला नेहमी पडे. उत्तर साधे आहे. ती आपल्यासाठी नाहीत आणि मधमाश्यांसाठीही मुख्यत्वे नाहीत. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. पक्ष्यांना तो लांबून दिसतो, आणि बहुतेक पक्ष्यांना वासाचे फारसे महत्त्व नसते. म्हणून या झाडांनी सुगंधाचा खर्च वाचवून रंगावर आणि मधुरसावर भर दिला. फुललेल्या काटेसावरीवर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे अशी सगळी जमात एकाच पंगतीला बसलेली दिसते, ती यामुळे.

परसातही हाच खेळ लहान प्रमाणावर चालतो. जास्वंदीवर शिंजीर येतो. याचे वजन दहा ग्रॅमही भरत नाही, पण अंगावरची जांभळी-निळी चकाकी पाहावी! मोठ्या फुलात तोंडाकडून शिरण्याच्या भानगडीत तो पडत नाही. सरळ देठाजवळ चोच टोचून मध पळवतो. फुलाचे काम न करता मजुरी घेणारा हा कामगार आहे. शेवग्याला पांढरी फुले आली की शिंजीर आणि मधमाश्या यांची सकाळपासून वर्दळ सुरू होते. पहाटे घराच्या माळ्यावर किंवा तारेवर बसून दयाळ नावाचा काळा-पांढरा पक्षी शीळ घालतो. थंडीत हाच दयाळ परसात हिंडत असतो, पण गात नाही. चैत्रात कढीपत्त्याला फुलोरा येतो, पुढे त्याची काळी फळे धरतात आणि ती खायला बुलबुल व कोकीळ येतात. भर दुपारी माणसे डोळे मिटून पडलेली असताना तांबटाचे ‘टुक्-टुक्-टुक्’ चालू असते. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा तो आवाज. नाव ठेवणाऱ्याने किती नेमके ठेवले आहे!

आता मुद्द्यावर येते. हे पक्षी फुलांसाठी येतात असे आपल्याला वाटते, आणि म्हणून पक्षी हवे असतील तर फुलझाडे लावावीत, असा सल्ला दिला जातो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. फुलातला मध म्हणजे पाहुण्याचा चहा. पोराबाळांचे जेवण वेगळे. शिंजिरासारखा मधावर जगणारा पक्षीसुद्धा आपल्या पिलांना कोळी आणि किडे भरवतो. चिमणी दाणे टिपते, पण तिच्या पिलांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि किडेच लागतात. म्हणजे ज्या परसात अळी नाही त्या परसात पक्षी येऊन बसेल, चहा घेऊन जाईल, पण संसार मांडणार नाही.

अळी म्हटली की आपल्या अंगावर शहारे येतात. लिंबाच्या कोवळ्या पानांवर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी अळी असते. ती दिसताच आपण औषध फवारतो. ती फुलपाखराची अळी असते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्ल्यू मॉर्मन या देखण्या, निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य. या फुलपाखराच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांचीच पाने खातात. भिंतीवर राज्य फुलपाखराचे चित्र रंगवायचे आणि परसात त्याच्या पोरांवर विष मारायचे, याला काय म्हणावे? चार पाने कुरतडली म्हणून लिंबाचे मोठे झाड मरत नाही.

दुसरी गोष्ट पाचोळ्याची. पाचोळा म्हणजे घाण, असे आपण ठरवून टाकले आहे. पण सातभाईंची टोळी परसात उतरली की ती काय करते ते पाहावे. एकेक पान उलटून खालचे किडे टिपत सगळे परस पालथे घालते. दयाळ आणि भारद्वाज तेथेच चरतात. पाचोळा झाडून काढून पेटवून देणे म्हणजे त्यांचे ताट उचलून चुलीत टाकणे होय. तिसरी गोष्ट वठलेल्या फांदीची. आपल्या दृष्टीने ते सरपण. पण तांबटाची चोच सुतारपक्ष्याइतकी दणकट नसते. त्याला ढोल कोरण्यासाठी मऊ, वठलेले लाकूडच लागते. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची अशी फांदी त्याला फार सोयीची. फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर ती राहू द्यायला काय हरकत आहे?

या तिन्ही गोष्टींना आजच्या ‘सुशोभित’ बागेत जागा नाही. तेथे हिरवळ असते, तीही कित्येकदा प्लास्टिकची! कुंड्या रांगेत, झुडपे कातरलेली, जमीन फरशीने झाकलेली. डोळ्यांना ते बरे दिसते, मी नाकारत नाही. पण ती बाग म्हणजे सजवलेली दिवाणखान्याची खोली आहे. तेथे कोणी राहत नाही.

कोणी म्हणेल, झाडे देशी लावली की प्रश्न सुटला. मला ते तितके सोपे वाटत नाही. गुलमोहर मादागास्करचा, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, हे खरे. पण आपल्या परसातले पेरू आणि पपई तरी कोठले? तेही अमेरिकेतून आलेले, आणि त्यांच्या फळांवर बुलबुलापासून पोपटापर्यंत सगळे तुटून पडतात. देवाला वाहतो तो पांढरा चाफाही परदेशीच. त्याच्या फुलात मध मुळीच नसतो. नुसत्या वासाने तो रात्री पतंगांना फसवतो. तेव्हा झाडाची जात विचारण्याआधी ते कोणाला काय खाऊ घालते हे विचारावे. तरीही अळ्यांच्या बाबतीत येथल्या मातीत वाढलेल्या झाडांचे पारडे जड राहते, कारण येथले किडे त्यांच्याच पानांवर पोसत आले आहेत.

२०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्याचा आरंभ आपल्या नाशिकच्या मंडळींच्या पुढाकाराने झाला, याचा अभिमान वाटतो. त्या दिवशी लाकडी घरटी वाटतात, मातीची भांडी ठेवतात. हे चांगलेच आहे. पण घरटे मिळाले, पाणी मिळाले, दाणे मिळाले, आणि पिलांसाठी अळी मिळाली नाही तर त्या घरट्यात काय होणार? घरट्याबरोबर तीन हात उघडी मातीही ‘वाटता’ आली असती, तर किती बरे झाले असते!

आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते घरातच ऐकायला मिळतात. पाचोळ्यात विंचू-सापाचे भय असते. ते खोटे नाही. म्हणून दारापासून वापरातली जागा स्वच्छ झाडावी आणि पाचोळा दूर, कुंपणाकडेला किंवा झाडांच्या आळ्यात लोटावा. आमची आजी हेच करीत आली आहे. तिचे झाडणे तुळशीपर्यंत. पुढचा सगळा पाचोळा केळीच्या आळ्यात. ते काही पक्षिप्रेम नव्हते, काटकसर होती. खत विकत आणावे लागत नसे, आणि पाणी कमी लागे. पाण्याच्या भांड्यात डास होतात, हाही आक्षेप खरा. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो. भांडे रोज घासून पाणी बदलले की प्रश्न उरत नाही.

शेवग्याविषयी बाबांची तक्रार सर्वांत वजनदार आहे. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात आणि अंगाला लागले की आग होते. हे मी भोगलेले आहे, त्यामुळे वाद घालत नाही. एवढेच सांगते की, केसाळ सुरवंट खाऊ शकणारे पक्षी थोडे, आणि त्यांत पावशा, चातक हे कोकिळेच्या कुळातले पक्षी प्रमुख. ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा आपल्याला हवा असतो, त्याचे जेवण मात्र नको असते! दोन महिने खोडापासून चार हात दूर राहणे आणि झाड कायमचे घालवणे यांत पहिला उपाय मला स्वस्त वाटतो. शिवाय शहरी भागात आपल्या खाजगी जागेतले झाड तोडायलाही परवानगी लागते. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्याने तसे ठरवले आहे. झाड माझ्या जागेत असले तरी ते सर्वस्वी माझे नाही, हा त्यातला विचार मला पटतो.

ज्यांना परसच नाही, जे तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांनी काय करावे? गॅलरीत एका कुंडीत कढीपत्ता लावावा, एकीत जास्वंद, आणि औषध मारू नये. शिंपी पक्षी दोन पाने शिवून घरटे करतो. त्याला जंगल लागत नाही, रुंद पानांचे झुडूप पुरते.

आणि बघावे. सगळ्यांत जास्त गरज बघण्याची आहे. सलीम अली लहानपणी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारीत. एका मेलेल्या चिमणीचा गळा पिवळा दिसला, ती कोणती हे विचारायला तो मुलगा १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तेथून पुढे १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे ते प्रसिद्ध पुस्तक झाले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रालाही त्यांनी त्या चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले. प्रश्न विचारण्याजोगे काही नजरेला पडले, म्हणून हे घडले. सिमेंटच्या अंगणात कोणत्या मुलाच्या नजरेला काय पडणार?

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही ग्रंथालयामागे एक मोकळी पट्टी आहे. तिचे सुशोभीकरण व्हावे अशी चर्चा कानावर येते. माझी विनंती आहे की, ती पट्टी तशीच ठेवावी. तेथे एक पांगारा, एक कढीपत्ता, एक लिंबू लावावे, पाचोळा उचलू नये, आणि ग्रंथालयात एक वही ठेवावी. पळस प्रथम कोणत्या तारखेला फुलला, कोकीळ प्रथम केव्हा ऐकला, दयाळाने घरटे कोठे केले, हे ज्याला दिसेल त्याने त्यात लिहावे. दरवर्षी नवे विद्यार्थी येतील, वही तीच राहील. दहा वर्षांनी या वार्षिक अंकात छापायला ती वही पुरेशी होईल, आणि तिच्यातला वसंत कोणा कवीकडून उसना घेतलेला नसेल.