नेतृत्वाची खरी कसोटी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाल्यापासून उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात ‘सहकार्य’ आणि ‘नवोपक्रम’ या शब्दांचा सुकाळ झाला आहे. परंतु परिपत्रक निघाले म्हणून माणसे एकत्र विचार करू लागत नाहीत. त्यासाठी संस्थेच्या प्रमुखाच्या अंगी काही गुण असावे लागतात. ते कोणते, हे पुण्यातील दोन संस्थांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

१९३० साली स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ३६ वर्षे संचालक होते. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीसारखी कामे त्यांनी सहकाऱ्यांच्या साह्याने उभी केली. अशी पाहणी एकट्या विद्वानाच्या हातून होतच नाही. मात्र त्यांच्या नेतृत्वाची खरी परीक्षा त्यांनी संस्था सोडल्यानंतर झाली. १९७१ च्या आरंभी, गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असतानाच, याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. विकासाची फळे तळच्या थरापर्यंत पोहोचलेली नाहीत, असे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. आपल्याच माजी प्रमुखाच्या कार्यक्षेत्राविषयी असे निःसंकोच लिहिता येणे, हे त्या संस्थेत रुजलेल्या विचारस्वातंत्र्याचे गमक होय.

दुसरे उदाहरण ‘आयुका’चे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापिलेल्या या केंद्राचे जयंत नारळीकर हे संस्थापक-संचालक. ग्रंथालय, संगणक व तज्ज्ञांचा सहवास ही आपल्या केंद्राची मिरासदारी न मानता ती देशभरच्या विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांना खुली करावी, ही या केंद्रामागील भूमिका. अध्यापकाने येथे येऊन संशोधन करावे आणि पुन्हा आपल्या विद्यार्थ्यांकडे परतावे, अशी व्यवस्था तेथे घडविण्यात आली.

साधनांत वाटेकरी करून घेणे आणि मतभेदाला अभय देणे, हेच ते दोन गुण. आजची स्थिती काय आहे? महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहत आहेत. ज्याचे श्रम तासावर मोजले जातात, त्याच्या सहविचाराला वेतन नाही. आणि पुढील वर्षीच्या नेमणुकीची शाश्वती नसलेला माणूस बैठकीत प्रमुखाशी मतभेद व्यक्त करील, ही अपेक्षाही व्यर्थ होय. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, नव्या कल्पनेची जोखीम सारी त्याची आणि श्रेय मात्र संस्थेचे!

पदे मंजूर करणे प्राचार्यांच्या हाती नाही, हे खरे. ती जबाबदारी शासनाची आहे आणि ती टाळता येणार नाही. परंतु अशा अध्यापकाला संशोधन प्रकल्पात स्थान देणे, त्याच्या कामाला त्याचे नाव लावणे आणि त्याचा विरोधी सूर शांतपणे ऐकून घेणे, यांसाठी कोणत्याही मंजुरीची गरज नसते. कुलगुरू वा प्राचार्य निवडताना उमेदवाराच्या स्वतःच्या शोधनिबंधांची संख्या जरूर पाहावी. परंतु त्याच्या हाताखाली किती जण स्वतंत्र बुद्धीने उभे राहिले, हा प्रश्न त्याआधी विचारला जावा.