ऋण काढून सण

आपल्या सीमाभागात एकच शहाणपण दोन भाषांत ऐकायला मिळते. घरातली आजी म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावेत. शेजारच्या अज्जी म्हणतात, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. अर्थ तोच. पण गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस असे असतात, की या दोन्ही आज्यांचे कुणी ऐकत नाही. वर्तमानपत्र उघडले की पानभर जाहिरात, मोबाईल उघडला की 'आज रात्री बारापर्यंतच'. सेलच्या दिवसांत नको त्या वस्तू घेऊ नयेत, हे सगळेच सांगतात. मी वाणिज्य शाखेला शिकवते. मला वाटते, वस्तू कोणती घेतली यापेक्षा ती कशी घेतली, यात घराचे जास्त नुकसान होते.

माझे सासर बडोद्याचे. तिथल्या नवरात्राची मजा न्यारी. नऊ रात्री गरबा, आणि मुलींना नऊ रात्रींसाठी नऊ चनिया-चोळ्या हव्याशा वाटतात. मंगळ बाजार, नवा बाजार येथे पाय ठेवायला जागा नसते. तेवढी खरेदी आमच्या वन्सं रोखीत करतात, घासाघीस करून करतात. त्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण एका वर्षी त्यांनी सणाच्या सेलमध्ये फ्रीज, टीव्ही आणि लेकीसाठी मोबाईल, तिन्ही हप्त्यांवर घेतले. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "अगं, पैसे लागतात कुठे आता? महिन्याला बाराशे तर जातात." बाराशे मोबाईलचे. फ्रीजचे अठराशे, टीव्हीचे चोवीसशे. मिळून झाले पाच हजार चारशे, आणि ते पगाराच्या पहिल्या आठवड्यातच कापले जायचे. दिवाळी झाली, लेकीची कॉलेजची फी आली, आणि वन्संच्या पाटल्या गहाण गेल्या. तिन्ही वस्तू घरात लागणाऱ्याच होत्या. चुकीची अशी एकही नव्हती. हे मी त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.

आता थोडे गणित करू. पंचवीस हजारांची वस्तू वीस टक्के सुटीत मिळाली, म्हणजे पाच हजार वाचले. उरलेले वीस हजार क्रेडिट कार्डावर टाकले आणि थकले. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, तसे ते असतेच. महिन्याचे सातशे, सहा महिन्यांचे ४,२००. त्यावर अठरा टक्के जीएसटी ७५६. एकूण ४,९५६ रुपये. मुद्दल सहा महिने तसेच राहिले आणि चक्रवाढ धरली नाही, तरी जवळजवळ सगळी सूट परत गेली.

"पण आमचा हप्ता बिनव्याजी आहे," असे कुणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज दुसऱ्या कुठल्यातरी नावाखाली घेतलेले असते. आजच्या 'नो कॉस्ट' हप्त्यात व्याजाइतकी रक्कम सूट म्हणून आधी वजा दाखवतात. पण बँक व्याज लावतेच, त्यावर जीएसटी लागतो, प्रक्रिया शुल्क वेगळे, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट कित्येकदा आपल्याला मिळत नाही. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: "आत्ता सगळे पैसे दिले तर कितीला द्याल?" दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचे व्याज.

गंमत अशी, की या बाबतीत बडोद्याचेच जुने उदाहरण आहे. १८८९ साली तिथल्या मध्यमवर्गीय मराठी मंडळींनी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन केली. देशातली बहुधा ही पहिलीच परस्पर साहाय्याची संस्था. आधी सगळ्यांनी थोडे थोडे शिल्लक टाकायचे आणि अडीनडीला त्यातूनच एकमेकांना द्यायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९०५ मध्ये आपल्या गदगजवळच्या कणगिनहाळला सिद्दनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. एक मराठी माणूस गुजरातेत, एक कन्नड माणूस धारवाडकडे, आणि दोघांच्याही मनात गोष्ट एकच: सावकाराच्या दारात जायची पाळी येऊ नये. आज सावकाराच्या दारात जावे लागत नाही, तोच मोबाईलमधून आपल्या घरी येतो.

मग करायचे काय? सण बेताचा करा असे मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा घरात नवी वस्तू यावी, मुलांनी नवे कपडे घालावेत, यात आनंद आहे. फक्त क्रम बदलावा. फ्रीज घ्यायचा ठरला की दुकानाचा हप्ता सुरू करण्याऐवजी तोच हप्ता पाडव्यापासून बँकेत आवर्ती ठेवीत भरावा. दसऱ्याला पैसे हातात असतात, थोडे व्याज आपल्यालाच मिळते, आणि रोखीचा भाव मागता येतो. खात्रीच्या बायकांची भिशी असेल, म्हणजे कन्नडमधली चीटी, तर तीही चालेल. यादी सेलच्या आधी घरी बसून लिहावी आणि त्या वस्तूंचा आजचा भावही शेजारी लिहून ठेवावा, म्हणजे सूट खरी की खोटी ते कळते. 'फक्त दोनच शिल्लक' असे खोटेच सांगून घाई करायला लावणे २०२३ च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांनुसार गैर ठरले आहे. तेव्हा घाबरून बटण दाबू नये, एक रात्र जाऊ द्यावी. चालू हप्ता संपेपर्यंत दुसरा घेऊ नये.

दसऱ्याला आपण आपट्याचे पान देतो, शेजारी बन्नीचे देतात. दोघेही त्याला सोने म्हणतात आणि ते देऊन मोठ्यांच्या पाया पडतात. आपल्या सणातले सर्वांत मानाचे देणे झाडाच्या पानाचे आहे, हे यंदा मुलांना जरूर सांगा.