दुकानाची वही चोख, मग इमारतीची का नाही?

आपल्या व्यापारी बांधवांना हिशोब शिकविण्याची गरज नाही. दुकानात रोज रात्री गल्ला मोजला जातो, उधारीची वही निराळी, मालाची निराळी. पन्नास रुपयांचा फरक पडला तरी तो सापडेपर्यंत चैन पडत नाही. मात्र हाच माणूस इमारतीच्या सोसायटीचा खजिनदार झाला की वही कपाटात, पावत्या खिशात आणि वर्गणीचे पैसे घरच्या पैशांत मिसळलेले, असे चित्र दिसते. हे असे का व्हावे?

बहुतेक वेळा यात लबाडी नसते. "सगळी आपलीच माणसे, कोण विचारणार?" एवढाच भाव असतो. पण माणसे विचारतात. फक्त तोंडावर विचारत नाहीत, जिन्यात विचारतात.

आमच्या इमारतीत काही वर्षांपूर्वी पाण्याचा पंप जळाला. खजिनदारांनी प्रत्येक घराकडून आठशे रुपये घेतले आणि दोन दिवसांत नवा पंप बसविला. काम उत्तम झाले, पण बिल कोणाला दाखविले नाही. महिनाभरात कुजबुज सुरू झाली. एका शेजाऱ्याने वर्गणीच बंद केली. खजिनदार संतापले, कारण कमी पडलेले पैसे त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले होते. दोन घरांतील सलाम-दुआ थांबली. एका कागदाने जे टळले असते, ते मिटायला दोन वर्षे लागली.

तेव्हापासून जिन्याखाली एक फळा आहे. दर महिन्याला जमा, खर्च आणि शिल्लक त्यावर लिहिली जाते, बिले खजिनदाराकडे कोणालाही पाहता येतात. भांडणे संपली असे नाही, पण पैशावरून होणारी संपली.

फळ्यावर थकबाकीदाराचे नाव मात्र लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक न तोडता उधारी कशी वसूल करावी, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. तीच रीत येथे वापरावी. आधी घरी जाऊन विचारावे. धंदा मंदा असेल, घरात आजारपण असेल, तर हप्ते बांधून द्यावेत आणि ते लिहून ठेवावेत. ऐपत असून जो देत नाही, त्याच्यासाठी सहकार कायद्यात वसुलीचा मार्ग आहेच. पण तो शेवटचा.

कायदाही फार काही अवघड मागत नाही. नोंदणीकृत सोसायटीने वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी, हिशोबाचे लेखापरीक्षण करून घ्यावे, सदस्याने मागितल्यास हिशोब दाखवावा. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व घरांना सारखे असते; मोठ्या घराला जास्त आणि लहान घराला कमी, असे नाही. ज्या इमारतींची सोसायटी अजून नोंदलेली नाही, तेथे फळा लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या पैशांची. उपविधींप्रमाणे घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडात जमा व्हायला हवा. बांधकाम खर्च आठ लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाचे आठ हजार, म्हणजे महिन्याला सातशे रुपयांच्या आत. हे जड वाटते म्हणून आपण टाळतो आणि गळती छतापर्यंत पोहोचली की घरटी पन्नास हजार शोधत बसतो. भिवंडीची जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे रहिवासी झोपेत असताना कोसळली, हे आपण विसरू नये. इमारत पंधरा वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी तिची तपासणी करून घ्यावी, असे उपविधी सांगतात.

भाडेकरूंबाबतही आपला हात आखडता असतो. घर भाड्याने दिल्यास मालकाकडून घ्यायचे जादा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासनाचा २००१ चा निर्णय आहे. भाडेकरूला मत नसेल, पण पाणी तोही भरतो आणि जिना तोही चढतो. त्याची तक्रार ऐकली गेलीच पाहिजे.

आता कारागिरांविषयी. इमारतीत प्लंबर, वायरमन किंवा सुतार राहत असेल तर "जरा बघून दे" म्हणून त्याला केव्हाही बोलावले जाते आणि मजुरीचे नाव निघत नाही. शेजारधर्म वेगळा, मजुरी वेगळी. त्याचा दर आधी ठरवा, पैसे त्याच दिवशी द्या आणि पावती वहीत लावा. त्याला सवलत द्यायची असेल तर ती त्याने द्यावी, आपण गृहीत धरू नये.

आणि व्यापाऱ्यांनीही स्वतःकडे पाहावे. जिन्यात ठेवलेले मालाचे खोके आपल्याला दोन दिवसांची सोय वाटतात. आग लागली तर तीच वाट बंद होते.

बाजारात पत टिकते ती चोख व्यवहारामुळे. इमारतीतही तसेच आहे. ज्या घरात आपली मुले वाढतात, तेथील वही दुकानाच्या वहीपेक्षा कमी जपण्याचे काही कारण नाही. या महिन्याच्या खर्चापासूनच सुरुवात करावी.