डब्यातलं पाणी कुठे जातं?

जलरंगातलं चित्र पुरं झालं की सगळे चित्र बघतात. शेजारच्या गढूळ पाण्याच्या डब्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नदी-डोंगर रंगवून ज्याचं पोट भरतं, त्या माझ्यासारख्याने तरी ते द्यायला हवं.

तसा जलरंग निरुपद्रवी. टर्पेंटाइन नको, वास नाही. रंगद्रव्य, डिंक आणि पाणी, संपलं. पण कॅडमियम यलो, कॅडमियम रेड या ट्यूबांत विषारी जड धातू असतो. 2013 मध्ये स्वीडनने युरोपात अशा रंगांवर बंदीच मागितली. म्हणणं असं, की बेसिनमध्ये ब्रश धुतला की रंग सांडपाण्यात जातो, तिथल्या गाळाचं खत होतं, खत शेतात पडतं आणि कॅडमियम ताटात येतं. प्रमाण नगण्य ठरवून 2015 मध्ये ही मागणी फेटाळली गेली. निकाल रास्तच होता. पण आपल्याकडे बरंचसं सांडपाणी प्रक्रियेविनाच नदीत जातं. म्हणजे जिचं चित्र काढायचं, तिच्यातच डबा रिकामा करायचा!

म्हणून माझा डबा रात्रभर तसाच असतो. सकाळपर्यंत अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना तळाशी बसतात. वरचं निवळलेलं पाणी पुन्हा ब्रश धुवायला घ्यायचं, खालचा साका फडक्याने टिपून वाळवायचा. ब्रश आधी फडक्याला पुसला तर पाण्यात रंग जातोच कमी. आणि पिवळ्या वॉशला कॅडमियमऐवजी हंसा यलो उत्तम चालतो.

ब्रशची गोष्ट अधिक अवघड. मुंगसाच्या केसांचा ब्रश पाणी भरपूर धरतो आणि टोक सुईसारखं येतं. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे. हे ब्रश विकणं गुन्हा आहे. तरी ‘मुंगूस’ची चौकशी दबक्या आवाजात होतेच. सिंथेटिक ब्रशचं टोक लवकर जातं, शिवाय तेही प्लास्टिकच. तरीही मी तोच घेतो. प्लास्टिकचा ब्रश जपून जास्त दिवस वापरता येतो, मारलेलं मुंगूस परत येत नाही.

कागदाचं मात्र समाधान आहे. पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून आहे. सुती चिंध्यांच्या कागदाला झाड तोडावं लागत नाही, आणि फसलेल्या चित्राची मागची बाजू सरावाला येते.

चित्रकाराच्या डब्याने नदी मरत नाही, कबूल. कारखान्यांनी आणि महापालिकांनी आपला हिशेब द्यायचाच आहे. पण तो मागायला उभं राहिल्यावर कुणी आपल्याच बेसिनकडे बोट दाखवू नये, एवढी तजवीज प्रत्येक चित्रकाराला फुकटात करता येते.