नाव गिळून खोली घेऊ नका

गावाकडनं एका पोराचा फोन आला. बारावी झालाय, कामासाठी मुंबईला यायचं म्हणतो. विचारत होता, "दादा, खोली कुठल्या एरियात बघू? चांगली वस्ती कुठली?"

मी आधी हसलो. मग गप्प झालो. त्याला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथं लिहितोय, कारण त्याच्यासारखे पुष्कळ गाडीत बसलेले आहेत.

पांढरपेशाची पोरं वस्ती निवडतात. स्टेशन किती लांब, शाळा कुठली, गॅलरीतनं झाड दिसतं का, हे बघतात. आपण खोली बघायला जातो तेव्हा खोलीच आपल्याला बघते. आधी नाव. मग आडनाव. मग गाव. मग गावात घर कुठल्या अंगाला. मग मटण खाता का. एवढ्या पायऱ्या चढून गेल्यावर कळतं, खोली कालच गेली. दुसऱ्या दिवशी तिथंच 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी लटकत असते. आपल्याला बघून पाटीसुद्धा लाजत नाही.

गावात निवडायचा प्रश्नच नव्हता. बापजाद्यांची जागा आधीच ठरवून ठेवलेली, गावकुसाबाहेर. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचं सोंग फाडलं, आणि मसुद्यात खेडं हा घटक न धरता माणूस हा घटक धरला याचा आनंद बोलून दाखवला. आमच्या आज्यानं ते भाषण वाचलं नव्हतं. पण खेडं म्हणजे काय हे त्याला पाठीवरच्या वळांनी कळलं होतं. गाठोडं बांधून आपली माणसं शहरात आली. गिरणीत शिरली, रेल्वेत शिरली, गोदीत शिरली. त्यांना वाटलं, एवढ्या गर्दीत आडनाव हरवेल. हरवलं नाही. शहरानं ते एजंटाच्या वहीत नीट उतरून घेतलं.

आता माझं सांगतो. मी गोदीत कंत्राटावर आहे. पहिलं वर्ष रे रोडला मामाच्या झोपडीत काढलं. आठ माणसं, एक पंखा. मामीला लुगडं बदलायचं असलं की आम्ही सगळे बाहेर. रात्रपाळी करून आलो की अंग टाकायला जागा नाही. म्हणून हार्बर लाइनीवर खोली शोधायला निघालो. पाच ठिकाणी नकार. माझं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही सापडतं आणि आपल्यातही. सहाव्या मालकानं आडनाव ऐकलं आणि आपणहून म्हणाला, "म्हणजे आपलेच की!" मी काही बोललो नाही. खोटं बोललो नाही आणि खरंही बोललो नाही. खोली मिळाली.

चार महिने राहिलो. खोली चांगली होती. नळ आत, मोरी आत. पण बाबासाहेबांचा फोटो पेटीत, कपड्यांच्या खाली. कवितांची वही उशीच्या अभ्र्यात. दोस्ताचा फोन आला की 'जय भीम'च्या जागी 'हां, बोल'. १४ एप्रिलला निळा शर्ट पिशवीत घालून निघालो आणि स्टेशनच्या संडासात चढवला. परत येताना तिथंच उतरवला. चार महिन्यांत कवितेची एक ओळ लिहून झाली नाही. चोवीस तास पहारा देणारा माणूस कविता कशी लिहिणार? चोरही मीच आणि वॉचमनही मीच.

मग गावाकडनं आई आली. जिना चढून दारात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जय भीम रं बाळा!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, हळू बोल.

आई काही बोलली नाही. पिशवी खाली ठेवली. चारी भिंती बघितल्या. फोटो नव्हता. म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात राहतूस व्हय?"

आठ दिवसांनी मालक आला. मुलाचं लग्न काढलंय, खोली रिकामी करा. मुलगा सातवीत होता.

मालकाचा राग अजून येतो. पण त्या रागापेक्षा एक लाज मोठी आहे. ज्या हातानं मी जहाजावर स्लिंग बांधतो तो हात माझ्या आईच्या तोंडावर गेला. मालकानं काही मला तिचं तोंड दाबायला सांगितलं नव्हतं. ते काम मी त्याच्यासाठी फुकटात केलं.

बाबासाहेबांवरही हा प्रसंग आला होता. कोलंबियात शिकून आलेला माणूस १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला गेला. उतरायला जागा नाही. शेवटी पारशी नाव लिहून पारशी सरायीत राहिला. काही दिवसांत काठ्या घेतलेली माणसं दारात आली, आजच्या आज चालता हो म्हणाली. हिंदू मित्राच्या घरी जागा नाही, ख्रिस्ती मित्राच्या घरी जागा नाही. बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लपवलं नाही.

आणि पुढं? तेच बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत कामगारांच्या शेजारी वर्षानुवर्षं राहिले. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, पुस्तकांना घर पाहिजे म्हणून. एक पत्ता आपल्या माणसांत, दुसरा पांढरपेशांच्या कॉलनीत. दोन्ही पत्त्यांवर नाव एकच. माझ्या मते वस्ती निवडायची ती अशी. चाळ की कॉलनी हा नंतरचा प्रश्न. तिथं तुझं नाव तुला मोठ्यानं घेता येतं का, हा पहिला.

शहाणे म्हणतील, कायदा आहे. आहे ना! १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला, १९७६ साली त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याच्या कलम ४ प्रमाणं अस्पृश्यतेच्या कारणानं कुणाला कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून, राहण्यापासून अडवणं गुन्हा आहे. पण मालक काय येडा आहे? तो जात काढतच नाही. 'शाकाहारीच पाहिजेत' म्हणतो. 'सोसायटीचा नियम आहे' म्हणतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम उचलून धरला. म्हणजे गावकूस पडलं नाही. त्याला आता उपविधी म्हणतात. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या आसपास भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती २०१५ साली छापून आली. सवर्णांपेक्षा दलितांना जास्त नकार, मुसलमानांना त्याहून जास्त. आपल्याला हे पायांनी माहीत होतं. आता कागदावरही आहे.

मग आपल्याच वस्तीत राहायचं का? राहायचं. पण डोळे उघडे ठेवून. वस्ती म्हणजे काही सुखावती नव्हे. एकाच सरकारनं एकाच मापानं बांधलेल्या बीडीडी चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या, सगळे कामगार. तरी १९७४ च्या जानेवारीत वरळीला चाळीवर चाळ उठली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडानं मेला. कामगार म्हणून एक होऊ म्हणणाऱ्यांनी तो दगड विसरू नये. त्याच वरळीत २०२५ साली टॉवरातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळायला लागल्या. चांगलंच झालं. पण लिफ्टनं वर जाताना दारावरची पाटी बारीक होत नाही ना, फोटो हॉलमधनं आतल्या खोलीत जात नाही ना, एवढं बघा.

आणि दोस्तांनो, बोट आपल्याकडंही वळवा. आपल्या वस्तीतला जो चार खोल्या काढून भाडं खातो, तो मातंगाच्या पोराला खोली देतो का? मेहतराच्या? मुसलमानाच्या? की तोही 'आपलाच पाहिजे' म्हणतो? तसं असेल तर सवर्णाला शिव्या द्यायचा हक्क आपण घालवून बसलोय.

आता त्या पोरासाठी रोकडं सांगतो. खोली दिवसा बघू नको. पहाटे चारला नळाची लाइन बघ आणि रात्री पाळी सुटायच्या वेळी स्टेशनपासून चालत जा. आई-बहीण येणार असेल तर संडास किती लांब ते आधी बघ, ते तुला कळत नाही, तिला कळतं. वाचायला जागा आहे का विचार. विहार असो, अभ्यासिका असो, पुस्तकांचं एक कपाट तरी असो. डिपॉझिट देशील तर करार लिहून घे, नोंदवून घे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला माहीत असतं. तुलाही माहीत असू दे.

आणि सवर्णांच्या बिल्डिंगीत जायचं असेल तर बेलाशक जा. शहर कुणाच्या बापाचं नाही. त्याच्या भिंती आपण उचलल्या, त्याची जहाजं आपण रिकामी केली. पण जाताना पूर्ण नाव सांग. नकार आला तर एकटा परत येऊ नको, दहा जणांना घेऊन परत जा आणि कारण विचार. नाव गिळून मिळालेली खोली खोली नसते. ती पेटी असते, आणि तिच्यात कपड्यांच्या खाली आपण असतो.

तोपर्यंत सरळ माझ्याकडं ये. आता वडाळ्याला आहे. पत्रा तापतो, पाणी पाऊण तास येतं. भिंतीवर फोटो आहे. परवा आई येऊन गेली. दारातच ओरडली. गल्लीतल्या चार घरांनी आतनं उत्तर दिलं.

जय भीम.